डावीकडे ओढणारी गाडी

मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला धीराचं श्रेय द्यायला नको. मी विहिरीत डोकावत नाही, शिडीच्या चौथ्या पायरीवर माझे पाय लटपटतात, आणि एस.टी.त ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा मिळाली तर उदारपणाचा आव आणून ती दुसऱ्याला देतो. असल्या माणसाकडे जळगावच्या एका डाळ मिलने आपल्या ट्रकचा कारभार सोपवला होता. मिलची चूक झाली की माझी, ते मला अजून कळलेलं नाही.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. माझं खरं काम गोदाम सांभाळायचं. पण मिलच्या मालकीची एकच गाडी होती, तिचे टायर, डिझेल, पासिंग असली कामं करायला कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. लांब नाकाची जुनी गाडी. इंजिन तापलं की केबिनमध्ये भाकरी भाजून निघेल एवढी धग. डावं दार आतून तारेने बांधलेलं, काच हाताने वर सरकवायची, आणि पायाखालच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून रस्ता पळताना दिसायचा. आठवड्यातून दोन-तीनदा ही गाडी धुळे, नरडाणा, शिरपूर करत घाट चढून पलीकडे सेंधव्याला जायची आणि तुरीची पोती भरून परत यायची. जाताना रिकामी, येताना भरलेली. म्हणजे घाट उतरताना नेमकं सगळं वजन पाठीवर.

दिवाळीनंतर शेठनी मला बोलावलं. "हिचा आता सोक्षमोक्ष लावा," ते म्हणाले. "दुरुस्त करून चालवायची, की विकून नवी घ्यायची? एका कागदावर लिहून द्या. मत तुमचं, सही तुमची."

सही म्हटल्यावर मी अडकलो. दुरुस्त करा म्हणावं आणि घाटात ब्रेक गेला तर? नवी घ्या म्हणावं आणि मिस्त्रीने सांगितलं की जुनी ठणठणीत होती, तर शेठ मला जाब विचारणार. मी तो कागद आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

गाडीवर माणसं दोन. ड्रायव्हर म्हणजे नाना. मिलने गाडी नवी घेतली त्या दिवसापासून तेच चालवत होते. अंगाने थोराड, पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, बोलणं कमी. हमालांपासून शेठपर्यंत सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि मानायचे. दुसरा त्यांचा सख्खा मेहुणा, तो क्लीनर. चाळिशी उलटलेला, सडपातळ, तोंडाचा पट्टा अखंड चालू. इतकी वर्षं गाडीवर राहून त्याने लायसन काढलं नव्हतं, कारण स्टेअरिंगला हात लावला की त्याला दरदरून घाम फुटायचा. या एका बाबतीत तो मला जवळचा वाटे.

नानांची गाडीबद्दल एकच तक्रार होती. "गाडी डावीकडे वढस." ओढते, म्हणजे आपोआप डाव्या बाजूला जाते. पुरावाही होता. डावा मडगार्ड चेपलेला, डाव्या फळ्या घासलेल्या, डावा आरसा तर दोन वर्षांत तीनदा बदललेला. मिलच्या फाटकाचा डावा खांबसुद्धा त्या गाडीने सोलून ठेवला होता. मी कागदावर पहिलं वाक्य लिहिलं ते हेच, की स्टेअरिंगमध्ये दोष आहे.

शेवटी गाडी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजला टाकली. मिस्त्री जुना, जाणता माणूस. त्याने ब्रेकचे लायनर नवे घातले, कमानीचे मोडलेले पट्टे बदलले, स्टेअरिंग पूर्ण खोलून पुन्हा बसवलं. आठवडा गेला. मी जळगावहून बसने गेलो तेव्हा त्याने मला शेजारी बसवून गाडी हायवेवर काढली आणि चालत्या गाडीचं स्टेअरिंग चक्क सोडून दिलं. माझा जीव तिथेच अर्धा झाला. गाडी मात्र सुतासारखी सरळ गेली.

"कुठे ओढते, भाऊ?" मिस्त्री म्हणाला. "आधीही ओढत नव्हती. मी खोलायच्या आधीच चालवून बघितली होती."

मग ते डावीकडचं घासणं कशाचं, असं मी विचारलं. त्याने हात पुसले आणि बोलायचं टाळलं. मीही आग्रह धरला नाही. गाडी चांगली आहे म्हणतोय ना, मग दुरुस्ती योग्य असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

पण त्या लाइनवर एक रीत होती, कुणी घातली देव जाणे. मोठं काम निघालेली गाडी जो माणूस पास करील, त्याने पहिल्या भरल्या खेपेला घाट उतरताना ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसायचं. क्लीनरने वर मालावर जायचं. काम चोख केलं असेल तर बस आमच्यासोबत, असा त्याचा सरळ हिशेब. बहुतेक मिस्त्रीच बसायचे. आमचा मिस्त्रीही हात धुऊन, सदरा घालून तयार झाला होता. तेवढ्यात गाडी न्यायला आलेले नाना म्हणाले, "मिस्तरी कसाले? कागदवर सही याले करनी शे. हाऊ बठी."

हा बसेल. हा म्हणजे मी. मला पित्त आहे, गोदामात माल उघडा पडलाय, घरी पाहुणे आलेत, सगळं सांगून पाहिलं. नाना ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. मिस्त्री हसू दाबत होता. चारचौघांदेखत पळून जाण्याइतकीही हिंमत माझ्यात नसल्यामुळे मी गाडीत चढलो.

चढताना गाडी रिकामी होती. क्लीनर आपल्या जागेवर, डाव्या दारापाशी; मी दोघांच्या मधे, इंजिनच्या धगीवर. नरडाण्यापासून पुढे क्लीनरची बडबड सुरू झाली. समोर बैलगाडी शे, डावीकडे सायकलवाला, आता पूल आला, आता म्हशी. मधूनच दाराच्या पत्र्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे तर सगळ्याच क्लीनरांचं. पण हा थापा आणि शब्द न थांबता वापरत होता. मला डोकेदुखी झाली. मी म्हटलं, "अरे, नानांना दिसत नाही का? जरा गप बस." तो एकदम गप्प झाला. दोन मिनिटांनी त्याने पुन्हा हळू आवाजात सुरू केलं.

सेंधव्याला पोती भरली. घाटमाथ्यावर देवीच्या देवळापाशी नानांनी गाडी उभी केली, हात जोडले आणि मेहुण्याला म्हणाले, "वर जा."

क्लीनर आपल्या जागेवरून हलेना. "नाना, मी आठेच बठस. भाऊ मधमा बठतीन."

"रीत ती रीत. वर जा."

क्लीनरचा चेहरा मी पाहिला. तो घाबरला होता. मला वाटलं, पोत्यांवर बसायची भीती असेल. मला त्याची कीवही आली. तो मागच्या बाजूने वर चढला, आणि मी डाव्या दाराला लागून बसलो. दार तारेने बांधलेलं. उडी मारायची सोयही नव्हती.

दुपार कलली होती. थंडीच्या दिवसांतलं उतरतं ऊन नेमकं समोरून काचेवर येत होतं. नानांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी घाटात सोडली. मी एका हाताने समोरची दांडी धरली, दुसऱ्याने सीटची कड, आणि डोळे मिटले. मनातल्या मनात म्हटलं, मिस्त्रीने लायनर नवे घातलेत. नवे घातलेत.

"पुढे काय शे?" नानांनी विचारलं.

"घाट आहे," मी म्हणालो.

"घाट शे ते मालेबी मालूम शे. गाडी येऊ ऱ्हायनी का समोरथून?"

ड्रायव्हर लोक भित्र्या माणसाची अशी फिरकी घेतात, हे मला ठाऊक होतं. मी डोळे न उघडताच म्हणालो, "काही नाही. मोकळा आहे रस्ता."

पुढच्याच क्षणी समोरून हॉर्न वाजला, लांबलचक, आणि मी डोळे उघडले. चढणीला लागलेला एक ट्रक रस्त्याच्या मधोमध वर येत होता आणि आम्ही थेट त्याच्यावर चाललो होतो. मला ओरडताही आलं नाही. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. त्याच वेळी डोक्यावर, केबिनच्या टपावर, धाडकन एक थाप पडली. नानांनी ब्रेक दाबला. नवे लायनर असे लागले की माझं कपाळ काचेवर आपटलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. समोरच्याने आई-बहिणीवरून उद्धार केला, बाजूने गाडी काढली आणि तो वर निघून गेला.

मी नानांकडे पाहिलं. ते सरळ पुढे बघत होते. उन्हात त्यांचा डावा डोळा मला पहिल्यांदा नीट दिसला. बुबुळावर पांढरं धरलं होतं. उजव्या डोळ्यातून पाणी गळत होतं आणि ते बाहीने पुसत होते.

"कितलं लांब व्हतं?" त्यांनी विचारलं.

किती लांब होतं. आजवर मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटली आहे, पण त्या तीन शब्दांनी जी वाटली तिला तोड नाही. उभी उतरण, मागे शंभराच्या वर पोती, आणि गाडी चालवणाऱ्याला मघाचा ट्रक दिसलाच नव्हता. आणि ज्याच्या भरवशावर त्याने गाडी सोडली होती तो डोळे मिटून बसला होता.

उरलेला घाट आम्ही कसा उतरलो, हे मला सलग आठवत नाही. टपावर थापा पडत होत्या. उजव्या कोपऱ्यावर पडली की नाना उजवीकडे वळवत, डाव्यावर पडली की डावीकडे. मीही ओरडत होतो. वळण, वळण आलं, दगड, बस, बस येतेय, हळू, नाना, हळू! नाना शांत होते. गिअर पहिलाच होता. दरी कधी या बाजूला यायची, कधी त्या बाजूला, आणि ज्या बाजूला येईल त्या बाजूचा माझा पाय पत्र्यावर आपोआप दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक होता.

पायथ्याला पळासनेरला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. क्लीनर वरून उतरला. तोंडावर धुळीचा थर, उजवा तळवा लालबुंद सुजलेला. नाना खाटेवर जाऊन बसले, तसा तो मला बाजूला घेऊन आला.

"भाऊ, डाव्या डोयाले काहीच दखात नही," तो म्हणाला. "दोन साल व्हयनात. उजवाबी आते धुकट व्हई गया. पन मी शे ना. आम्ही दोन्ही मियीसन एक डायवर शेतस. कोनले सांगू नका."

दोघं मिळून एक ड्रायव्हर. एकाला चालवता येतं पण दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं पण चालवता येत नाही. मला हसू आलं. मी विचारलं, "मग नानांनी तुला वर का धाडलं?"

"तेच माले कयत नही," तो म्हणाला. कळत नाही म्हणताना त्याचे डोळे भरले होते.

मी कुणाला सांगणार नाही, असं मी त्याला म्हणालो नाही. सांगेन असंही म्हणालो नाही. चहा घेतला.

जळगावला परतल्यावर शेठनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, अजून चार दिवस द्या. ते म्हणाले, "घ्या. पण एक सांगून ठेवतो, नवी घेतली तर पहिली पूजा नानांच्या हातून, आणि गाडीही त्यांनाच. एवढी वर्षं खटाऱ्यावर काढली बिचाऱ्यांनी."

झालं. म्हणजे दुरुस्त लिहिलं तर नाना जुन्या गाडीवर, नवी लिहिलं तर नाना नव्या गाडीवर. शेठनी मला दोनच उत्तरं दिली होती आणि दोन्हींच्या पोटात तीच गोष्ट होती. दोष गाडीत नव्हता. तिसरं उत्तर मला माहीत होतं, आणि ते लिहायला माझा हात धजत नव्हता.

मी स्वतःला काय काय सांगितलं! दोन वर्षं निभावलंय, पुढेही निभावेल. मेहुणा आहे सोबत. हमाल मला चुगलखोर म्हणतील, आणि म्हटलेच असते, कारण कुणाची आजारपणाची रजासुद्धा नाना शेठकडे शब्द टाकून मिळवून द्यायचे. नानांचं घर, मेहुण्याचं घर, दोन्ही चुली त्या एका स्टेअरिंगवर. हे सगळं खरं होतं. पण खरं कारण हे की नानांच्या तोंडावर बोलायची मला भीती वाटत होती. आणि गाडी जात होती.

ती ज्या दिवशी सेंधव्याला जायची त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत जायचा. ऑफिसातला फोन वाजला की मी गोदामातून पळत यायचो. फोन एखाद्या व्यापाऱ्याचा असायचा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फाटकाशी तिचं नाक दिसलं की मला हायसं वाटायचं, आणि मग स्वतःचा इतका राग यायचा की मी हमालांवर खेकसायचो. बायकोने दोनदा विचारलं, तुम्हाला झालंय तरी काय. मी पित्ताचं कारण सांगितलं.

त्या घाटानंतर दहाव्या दिवशी पाच वाजून गेले, साडेपाच झाले, सहा झाले. गाडी आली नाही. मी फाटकाबाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. सात वाजायला आले तेव्हा ती आली. पारोळ्यापाशी टायर फुटला होता, बाकी काही नाही. क्लीनर हसत उतरला. मी मात्र भिंतीला धरून गोदामामागे गेलो आणि ओकलो. तिथून तसाच शेठच्या खोलीत शिरलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

शेठनी पुढ्यातली वही मिटली. मग त्यांनी नानांना बोलावलं. विचारलं, "नाना, हे म्हणतात ते खरं आहे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं शे," ते म्हणाले, खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

गाडीचं काय झालं ते सांगून टाकतो. मी कागदावर दुरुस्ती योग्य असं लिहिलं. दुसऱ्या एका ड्रायव्हरने ती आणखी सहा वर्षं चालवली. नानांच्या उजव्या डोळ्याचं धुळ्याला ऑपरेशन झालं, शेठनी करवलं, आणि जाड भिंगांचा चष्मा लावून ते मिलच्या फाटकावर बसू लागले. मेहुणा हमालीला लागला. वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. आजही लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, तुम्ही मोठं धाडसाचं काम केलंत. मी त्यांना पुढचं सांगत नाही.

त्या संध्याकाळी शेठच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी नानांना गाठलं. ते हौदावर तोंड धुत होते. मी म्हणालो, "नाना, मला माफ करा. मला राहवलं नाही."

त्यांनी टोपी झटकली. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

"माफी कसाले? तुले मी मुद्दाम बठाडं व्हतं. मन्हा तोंडमाईन निंघे नही. मेहुनाले वर धाडं, तुले जोडे लिधं. मी म्हनं, हाऊ भित्रा मानूस शे, घाट उतरताच बोंब मारी, मी सुटसू." त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं, पण नजर थोडी बाजूला पडली. "आन तू गप बठना."

त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मला शेजारी घेतलं होतं, मी बोंब मारीन या भरवशावर. त्या दहा दिवसांत नाना भरली गाडी घेऊन तो घाट तीनदा उतरले होते.